ऑक्सिजन सेन्सर नवीन घातला तरी पी०१३५ कोड परत येऊलालाय, वायरिंग बघायची कशी?

जांबोटी_रोड (खानापूर)
मंडळी नमस्कार. गाडी पेट्रोल हॅचबॅक, बीएस४, २०१८ ची, केए २२ पासिंग. पाऊस लागल्यापासून इंजिनची पिवळी लाईट येऊलालीय. गॅरेजला दाखवली तर स्कॅनरवर पी०१३५ आला, मेस्त्री म्हणाला सेन्सर होग्यादरी, चेंज माडबेकरी (सेन्सर गेलाय, बदलायला पाहिजे), म्हटलं घाला. इंजिनजवळचा पुढचा ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन बघणारा) नवीन घातला, कोड पुसला, थोडे दिवस बरं चाललं खरं कणकुंबीकडनं पावसात येताना परत तीच लाईट तोच कोड. आता मेस्त्री म्हणतोय ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) गेला असणार, आणि त्याचा आकडा ऐकून मी गाडी घरी घेऊन आलो. गाडी ओढायला बरी आहे, सकाळी थंडीत जरा पेट्रोलचा वास मारते, अॅव्हरेज थोडं पडलंय. घरी मल्टीमीटर आहे, ब्लूटूथवाला स्कॅनर पण घेतलाय. कुठनं सुरू करू?

वडगावकर_७७ (बेळगाव)
लोकल सेन्सर घातला असेल, ओरिजिनल घाल, लाईट जाते. आणि आता पेट्रोल सगळं ई२० (वीस टक्के इथेनॉलवालं) आलंय, त्याच्यानं पण सेन्सर खराब होतात म्हणे.

वायरमन_निपाणी
ई२० चा इथं काय संबंध नाय ओ. पेट्रोलचा प्रॉब्लेम असला तर हवा-पेट्रोलच्या मिक्श्चरचे कोड येतात, पी०१७१ न् पी०१७२ असले. पी०१३५ म्हणजे पुढच्या सेन्सरच्या हीटरचं सर्किट, निव्वळ करंटची गोष्ट, त्यात पेट्रोल कुठंच येत नाही. पंपावाल्याला उगं शिव्या बसालेत.

जांबोटीवाले, आधी हे समजून घ्या. तो सेन्सर तीनशे-साडेतीनशे डिग्रीच्या वर तापल्याशिवाय काम करत नाही. नुसत्या धुराच्या उष्णतेवर तापायला वेळ लागतो म्हणून आत गिझरसारखं एक कॉइल असतं. कोड त्या कॉइलच्या सर्किटचा आहे. सर्किट म्हणजे बॅटरी, मेन रिले, फ्यूज, वायर, कनेक्टर, कॉइल आणि पुढं ईसीयूकडं जाणारी वायर, कारण अर्थ, म्हणजे मायनस, ईसीयू देतो, चालू-बंद करत करत. एवढ्या साखळीत कुठंही तुटलं तरी कोड एकच. सेन्सर बदलला म्हणजे त्यातली एक कडी बदलली, बाकीच्या हाईत तशाच.

आता बघा. सेन्सरला चार वायरी असतात. बहुतेक सेन्सरात दोन पांढऱ्या हीटरच्या, काळी सिग्नलची, करडी सिग्नलच्या अर्थची. कंपनीप्रमाणं रंग बदलतात, म्हणून डायग्राम मिळाला तर बरं, खरं एकसारख्या रंगाच्या दोन दिसल्या की त्याच हीटरच्या समजायच्या. गाडी थंड असताना कनेक्टर सोडवा आणि सेन्सरच्या बाजूनं त्या दोन पिनांत ओहम मोजा. चार-पाचपासून पंधरापर्यंत काहीतरी यायला पाहिजे. ओपन, म्हणजे आत तुटलेलं, दाखवलं तर नवा सेन्सरसुद्धा मेलेला.

मग गाडीच्या बाजूचा कनेक्टर. चावी ऑन, मीटर डीसी व्होल्टला. हीटरच्या एका पिनवर बॅटरीएवढं व्होल्टेज पाहिजे. काही गाड्यांत ते इंजिन चालू केल्यावरच येतं, तवा इंजिन चालू करून पण बघा. आणि ओहमवर मीटर ठेवून चालू सर्किटला लावू नका.

अजून एक सांगा, पी०१४१ पण येतोय का?

जांबोटी_रोड (खानापूर)
अण्णा एकदम सविस्तर, थँक्यू. पी०१४१ नाही, एकटा पी०१३५. हीटर ६ ओहम दाखवतोय. गाडीच्या बाजूला एका पिनवर १२.३ व्होल्ट आलं, बॅटरीवर १२.५ होतं. म्हणजे सप्लाय ओके ना? मग खरंच ईसीयू?

वायरमन_निपाणी
थांबा, गडबड करू नका. पी०१४१ म्हणजे मागच्या सेन्सरचा हीटर. बऱ्याच गाड्यांत दोन्ही हीटरना एकाच फ्यूजवरनं सप्लाय असतो. मागचा चांगला चाललाय म्हणजे तुमच्या गाडीत तसंच असलं तर फ्यूज न् रिले दोन्ही संशयातनं सुटले, भानगड वायरीला फाटा फुटून ती पुढच्या सेन्सरकडं जाते तिथनं पुढं.

आणि १२.३ वर विश्वास ठेवू नका. मीटर करंट जवळजवळ घेतच नाही, त्यामुळं वायरीची एकच तार शिल्लक असली तरी मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो. लोड टाकला की खरं कळतं. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब घ्या, होल्डरला दोन वायरी लावा, एक त्या १२ व्होल्टच्या पिनला, दुसरी थेट बॅटरीच्या मायनसला. पावणेदोन अँपिअरच्या आसपास ओढतो, हीटर पण साधारण तेवढंच ओढतो. लख्ख पेटला तर सप्लाय चांगली. मंद पेटला तर सप्लायची वायर कुठंतरी खाल्लीय.

हा बल्ब सिग्नलच्या वायरींना चुकूनसुद्धा लावायचा नाही, तिथं ईसीयूचं काम नाजूक असतंय. सप्लाय चांगली निघाली तर पुढची टेस्ट ईसीयूच्या वायरीची, त्याला मात्र ५ वॅटचा पार्किंगचा बल्ब घ्यायचा आणि हीटरच्या जागी दोन्ही पिनांत लावून इंजिन चालू करायचं. पेटला, लुकलुकला तर ईसीयू अर्थ देतोय. २१ वॅटचा थंड बल्ब सुरुवातीला भलताच करंट ओढतो, तो ईसीयूच्या वाटेला नको.

आणि गाडीला बाहेरचं काय काय बसवलंय ते सांगा. हॉर्न, अलार्म, कॅमेरा, काही पण.

जांबोटी_रोड (खानापूर)
बल्ब लावला. काजव्यासारखा. त्याच बल्बाची वायर सरळ बॅटरीच्या प्लसला लावली तर लख्ख. आणि मीटर एकदा बॅटरीच्या प्लसवर आणि एकदा त्या पिनवर ठेवून बल्ब चालू असताना बघितलं तर मध्येच ७ व्होल्टच्या वर गायब होऊलालंय.

बाहेरचं म्हणाल तर गेल्या पावसाच्या आधी फॉग लॅम्प लावून घेतलेत. चोर्ला घाटात धुक्यात पुढचं काहीच दिसत नाही ओ.

वायरमन_निपाणी
बास, घावलं जवळजवळ. ॲक्सेसरीवाल्यांना चावीबरोबर चालू होणारी एखादी वायर रिलेसाठी लागते, मग इंजिन रूममध्ये जी हाताला लागेल ती सोलतात, पिळा मारतात, टेप गुंडाळतात. चांगल्या दुकानात फ्यूज बॉक्समधनं वेगळी लाईन काढून देतात, ते सोडा. फॉग लॅम्पच्या रिलेपासनं पातळ वायर धरा आणि ती कुठं घुसलीय ते बघत जा.

जांबोटी_रोड (खानापूर)
बॅटरी ट्रेच्या खाली! टेप सोडली तर आत पाणी, तांबं हिरवं झालेलं, हात लावला तर तारा कुसकरून पडल्या. जेमतेम दोन-तीन तारा धरून होत्या. आता सोल्डर करून घेऊ का?

वायरमन_निपाणी
गाडीच्या हार्नेसमध्ये (वायरींच्या जुडग्यात) सोल्डर चालतंय, खरं काळी पडलेली तार सोल्डर धरत नाही, चकचकीत तांबं लागेपर्यंत मागं कापा आणि त्याच जाडीचा तुकडा जोडा. मी तर क्रिम्प करून (धातूच्या नळीत दाबून) वर गोंद असलेली हीट श्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी, चढवतो, पाणी शिरत नाही. सेन्सरच्या स्वतःच्या वायरींना मात्र सोल्डर, ग्रीस, सिलिकॉन स्प्रे काही नको. बऱ्याच सेन्सरांना बाहेरची हवा त्या वायरींच्या आतनंच मिळते, ती कोंडली की रीडिंग चुकतं. फॉग लॅम्पला वेगळा फ्यूज टाकून वेगळी लाईन द्या.

कोड स्कॅनरनं पुसा. नाही पुसला तरी फॉल्ट परत दिसला नाही की साधारण तीन ड्रायव्हिंग सायकलनंतर (गाडी चालू करून, चालवून, बंद केली की एक) लाईट आपोआप जाते, कोड मेमरीत थोडे दिवस राहतो. नंतर स्कॅनरवर पुढच्या सेन्सरचा ग्राफ बघा, गरम इंजिनवर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये वरखाली पळायला पाहिजे. ०.४५ ला चिकटून बसला तर सेन्सर अजून झोपलाय.

वडगावकर_७७ (बेळगाव)
भारी शोधलं राव. खरं माझा एक दोस्त म्हणतो एवढं करायची गरज नाही, हीटरच्या जागी एक रेझिस्टर लावला की ईसीयू फसतो आणि लाईट जाते, ऐंशी रुपयांचं काम. एमिशन टेस्ट पण पास होते म्हणे.

वायरमन_निपाणी
लाईट जाते, सेन्सर तापत नाही. थंड इंजिनवर ईसीयू आंधळेपणानं जास्त पेट्रोल सोडत राहतो आणि ते जळतं धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, त्याची किंमत दोस्ताला विचारा. टेस्टला गाडी गरम करून नेली तर पास होईल पण, रोज सकाळचं काय? आणि ६ ओहमचा रेझिस्टर १२ व्होल्टवर २४ वॅट उष्णता टाकतो, गाडी चालू असताना १४ व्होल्टवर तीसच्या वर. तो बांधणार कुठं, प्लॅस्टिकच्या हार्नेसला?

जांबोटी_रोड (खानापूर)
वायर जोडली, आता बल्ब लख्ख. ग्राफ पण पळतोय. वायरमन अण्णा, निपाणीत दुकान कुठं आहे तुमचं, फॉग लॅम्पची लाईन तुमच्याकडनंच करून घेतो.

वायरमन_निपाणी
मेसेज करा, पत्ता पाठवतो. रविवारी बंद असतंय.