मदत हवी आहे: १/३५ स्केलच्या (खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढ्या) मॉडेल सैनिकांच्या उंचीत फरक कसा आणायचा?

नमस्कार मंडळी,

सध्या सेनिओ नदीचा डायोरामा (छोट्या मॉडेलांनी उभा केलेला प्रसंग) करतोय. इटली, ९ एप्रिल १९४५, १/५ मराठा लाइट इन्फन्ट्री (म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली बटालियन). शिपाई नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो प्रसंग. त्यातलाही शेवटचा क्षण घेतलाय: तीन मशीनगन गप्प केल्यावर ते बांधाच्या माथ्यावर उघड्यावर उभे राहिले, मराठ्यांची रणगर्जना दिली आणि हात हलवून मागच्या कंपन्यांना नदी ओलांडायला बोलावलं.

बांध झाला, गवत झालं, काठचा चिखलसुद्धा मनासारखा जमला. मग सहा फिगर तात्पुरत्या चिकटवून लांबून बघितल्या आणि मूडच गेला. सगळे एका मापाचे! आई चहा घेऊन आली, क्षणभर बघत राहिली आणि म्हणाली, "कुंपणाचे खांब रोवल्यासारखे दिसतायत रे."

व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) लावला. बुटाच्या तळापासून हेल्मेटच्या टोकापर्यंत सहाच्या सहा ५३ मिमी, फार तर केसभर इकडेतिकडे. बूट-हेल्मेटचे अडीच मिमी सोडले तर ५०.५, म्हणजे प्रत्येक जण १७७ सेंटिमीटर. सेट दोन वेगळ्या कंपन्यांचे आहेत, तरी हे असं.

आतापर्यंतचे उद्योग:

एकाच्या बुटाखाली १ मिमी प्लॅस्टिक शीटची चकती लावली. गडी पाटावर उभा राहिल्यासारखा दिसायला लागला.

उंच माणूस हवा म्हणून १/३२ ची एक फिगर आणून उभी केली. दिवाळीच्या किल्ल्यात दरवाजापेक्षा मोठा मावळा असतो ना, अगदी तसं. लहानपणी ते चालायचं, आता डोळ्यात खुपतं.

शेवटी एकाची मांडी करवतीने कापली. नेमका बॅटलड्रेसच्या (त्या वेळच्या लढाईच्या गणवेशाच्या) डाव्या मांडीवरचा मोठा खिसाच मधोमध गेला. खिशाचा वरचा भाग आणि खालचा भाग आता जुळत नाहीत.

तर प्रश्न असे: किती फरक ठेवला तर खरा वाटेल? कापायचं कुठे? आणि सगळ्यांनाच कापायला हवं का?

प्रतिसाद १

सगळ्यांना हात लावू नका हो. दोघांना गुडघ्यात वाकवा, एकाची मान खाली घाला, निम्मं काम तिथेच झालं. चढावर कोणी ताठ उभं राहतं का? तेही समोर मशीनगन असताना!

प्रतिसाद २

आधी हिशोब. १/३५ मध्ये १ मिमी म्हणजे साडेतीन सेंटिमीटर. प्रौढ पुरुषांच्या उंचीत सरासरीपासूनचा फरक बहुतेकांचा सहा-सात सेंटिमीटरच्या आत असतो, म्हणजे २ मिमी वर किंवा खाली. सहा जणांत एखादा ३ मिमीने बुटका चालेल. त्यापुढे गेलात तर बघणारा त्यालाच बघत बसेल.

१/३२ चा मोह मलाही झाला होता. उंची खपून जाते, पण सामान खपत नाही. ली-एनफिल्ड रायफल ११३ सेंटिमीटर. १/३५ मध्ये ती ३२ मिमी भरते, १/३२ मध्ये ३५. दोघं शेजारी उभे राहिले की एकाची रायफल तीन मिमी लांब! हेल्मेटचंही तेच. माणसं लहानमोठी असतात, सरकारी सामान सगळ्यांना एकाच मापाचं मिळतं. त्यामुळे धड बदला, पण रायफल, हेल्मेट, पाउच एकाच स्केलचे ठेवा. डोक्यालाही हात लावू नका, बुटक्या माणसाचं डोकं काही त्या प्रमाणात लहान नसतं.

प्रतिसाद ३

मी फिगर ड्रॉइंग शिकवते, मॉडेल करत नाही, तरी राहवलं नाही म्हणून लिहिते.

पंगतीत बसलेली माणसं बघा. डोकी जवळपास एका रेषेत असतात. तीच माणसं हात धुवायला उठली की कोण उंच, कोण बुटका ते कळतं. उंचीतला बराचसा फरक पायांत असतो. म्हणून कमी करायचं ते मुख्यतः पायांत, आणि मांडी-नडगी दोन्हीकडून. एकाच जागी तीन मिमी काढलेत तर गुडघा भलतीकडे जाईल आणि काहीतरी बिघडलंय हे न मोजताही कळेल.

धागाकर्ता

ताई, पंगतीचं उदाहरण डोक्यात पक्कं बसलं. माझ्या कापलेल्या गड्याचं नेमकं तेच झालंय, गुडघा पार खाली उतरलाय. पण मग नडगी कुठे कापू? सगळीकडे चुण्या आहेत.

प्रतिसाद २

चुण्या आहेत म्हणूनच सोपं आहे. घोट्याभोवती कॅनव्हासचे अँक्लेट (पट्टे) असतात ना, त्यांच्या वरच्या काठावर पँट फुगून खाली येते. त्या फुगवट्याच्या आत कापा, सांधा आपोआप झाकतो. मांडीवर खिशाच्या वर, जांघेच्या जरा खाली. धडातून थोडं काढायचं असेल तर ब्लाउजच्या (बॅटलड्रेसच्या आखूड जॅकेटच्या) कमरपट्ट्याखाली.

१६७ सेंटिमीटरचा माणूस हवा असेल तर सुमारे ३ मिमी काढायचेत: मांडीतून १.२, नडगीतून १.२, बाकीचं कमरेतून. करवतीचं पातं स्वतःच पाव मिमी खातं, ते हिशोबात धरा. नाहीतर तीन कापांत पाऊण मिमी फुकट जाईल आणि तुम्ही घासत बसाल ते वेगळंच. कापण्याआधी पायावर पेन्सिलीने उभी रेघ मारा, जोडताना पाय फिरणार नाही. आत अर्ध्या मिमीची पितळी तार घाला. फट एम-सीलने भरली तरी चालेल, बोट ओलं ठेवा आणि घट्ट व्हायच्या आत सुईने चुण्या ओढा.

उंच करायचा असेल तर त्याच जागांवर शीटचे तुकडे घाला. पण एकालाच करा. कमी करणं सोपं, वाढवलेल्या जागी कापड नव्याने घडवावं लागतं.

आणखी एक. जाधवांची फिगर वाढवू नका. किल्ल्यात महाराज सगळ्यांत मोठे ठेवायची आपली सवय असते, इथे ती नको. ते माथ्यावर आहेत, बाकीचे उतारावर. खालून बघणाऱ्याची नजर तशीही तिकडेच जाणार.

प्रतिसाद १

+१. आणि हेल्मेटांची रेघ तपासा. बेस डोळ्यांच्या पातळीवर धरून एक डोळा मिटा. तीन हेल्मेटं एका रेषेत आली की तिथे गडबड आहे समजा.

धागाकर्ता

अपडेट. दोघांना कापलं: एक ५०, दुसरा ५१.५. एकाला गुडघ्यात वाकवलं. एकाच्या मांडीत १ मिमी घालून त्याला ५४ केला. दोघांना हात लावला नाही, त्यांतले एक जाधव. खिसा फाटलेल्याला रायफल आडवी धरायला लावून खिसा झाकला.

आईला पुन्हा बोलावलं. तिने आधी डाव्या टोकाच्या बुटक्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "हा आपल्या शेजारच्या वाड्यातल्या दूधवाल्यासारखा उभा राहिलाय." म्हणजे जमलं असावं!

एकच अडलंय. त्या बुटक्याचा मागचा पाय आखूड झाल्यामुळे चढावर टाच टेकत नाही, अर्धा मिमी हवेत आहे. पुन्हा कापू?

प्रतिसाद ३

काठ चिखलाचा आहे ना? मग टाचेखाली चिखल चढवा आणि बुटाच्या मागे एक घसरल्याची खूण ओढा.