सोनेगावची मध्यरात्र कोणीतरी लिहा
वैमानिकांच्या थरारकादंबऱ्यांत तांत्रिक तपशील फार होतो, अशी तक्रार काही वाचक करतात. मला तर तोच हवा असतो. अशा कादंबऱ्या लिहिणारे अमेरिकी लेखक जॉन नान्स स्वतः वायुदलात आणि प्रवासी विमानांवर वैमानिक होते, शिवाय अमेरिकी टीव्हीवर विमान वाहतुकीचे विश्लेषक. अशा माणसाला ठाऊक असतं, की संकटात कॉकपिटमध्ये आरडाओरडा नसतो, चेकलिस्ट वाचली जाते.

आणि आपल्या नागपुरात तर कथानक तयारच आहे! १९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रासची टपाल विमानं मध्यरात्री इथल्या सोनेगाव विमानतळावर यायची, थैल्यांची अदलाबदल करून पहाटेआधी परत निघायची. पावसाळी ढगांतून, दोन पंख्यांची डकोटा विमानं घेऊन! कोणाच्या घरी त्या वैमानिकांची लॉगबुकं, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवह्या, असतील, तर लिहायला घ्या हो.