अस्वल, पायवाट आणि दोष कुणाचा: फॅमिली ग्रुपवर रंगलेली चर्चा

मोठे काका: [व्हिडिओ] बघा हा पठ्ठ्या! समोरून अस्वल येतंय आणि हा मोबाईल धरून उभा. उद्या फाडलं तर म्हणतील अस्वल नरभक्षक झालं.

आत्या: अगं बाई! ऋचा, तुम्ही अमेरिकेतल्या त्या यलोस्टोन पार्कलाच जाताय ना? रद्द करा बरं ते.

ऋचा: आत्या, लाखो लोक जाऊन सुखरूप परत येतात. अस्वलापासून किमान १०० यार्ड, म्हणजे ९१ मीटर लांब राहायचं, असा तिथला नियमच आहे.

सुधीर काका: अस्वलाला कळवलाय का नियम? 😄

निनाद: हसताय, पण तिथेच तर मेख आहे. वळणावर झाडीतून एकदम पुढ्यात आलं तर ९१ मीटर आणणार कुठून?

मोठे काका: जंगल त्याचं. आपण घुसलो, आपली चूक. संपला विषय.

निनाद: नाही संपत हो काका. २०११ चा जुलै, यलोस्टोनच. वापिती लेककडे जाणाऱ्या वाटेवर एका जोडप्याला पिल्लं घेतलेली ग्रिझली, म्हणजे तिथल्या मोठ्या तपकिरी अस्वलाची मादी दिसली. दोघं मागे फिरले. ती अंगावर यायला लागली तसे ओरडत पळाले. तिनं नवऱ्याला गाठून मारलं. चौकशीत ठरलं की आईनं पिल्लांसाठी केलं, म्हणून तिला काही केलं नाही. ऑगस्टमध्ये त्याच पार्कात दुसऱ्या वाटेवर एकट्यानं चालणाऱ्या एका माणसाचा मृतदेह सापडला. डीएनए तपासला, तर हीच मादी तिथे येऊन गेलेली. मग तिला पकडून मारलं आणि पिल्लं कायमची पिंजऱ्याआड गेली. आता हा दुसरा माणूस कुणाच्या खात्यावर मांडायचा?

शरयू वहिनी: तिनंच मारलं हे सिद्ध झालं?

निनाद: नाही वहिनी. ती तिथे होती, एवढंच. प्रत्यक्ष मारताना कुणी पाहिलंच नव्हतं.

आत्या: पहिल्याच वेळी मारायला हवी होती.

ऋचा: आत्या, पिल्लांवर कुणी चालून आलंय असं वाटलं तर आई दुसरं काय करणार?

आत्या: मग त्या दुसऱ्या माणसालाही आई असेलच की.

सुधीर काका: 🙏

मोठे काका: ताई, तुझं बरोबर आहे, पण एकटा गेलाच कशाला तो? तीनचार जण मिळून जा म्हणून सांगतात ना?

ऋचा: सांगतात, पण तो सल्ला आहे. सल्ला न पाळण्याची शिक्षा मृत्यू नसते काका.

शरयू वहिनी: इटलीतलं प्रकरण याहून गुंतागुंतीचं आहे. ट्रेंतिनोच्या डोंगरात अस्वलं जवळजवळ संपली होती, म्हणून १९९९ ते २००२ मध्ये स्लोव्हेनियातून दहा आणून सोडली. त्यांची संख्या वाढली. एप्रिल २०२३ मध्ये डोंगरात धावायला गेलेला एक तरुण मारला गेला. मारणारी 'जेजे ४' नावाची मादी. तिनं २०२० मध्येच एका बापलेकावर हल्ला केला होता. तेव्हा तिला मारायचा हुकूम निघाला, तो कोर्टात अडकला. आता हा तरुण गेल्यावर सरकार कोर्टाकडे बोट दाखवतंय, प्राणीप्रेमी सरकारकडे. त्याच्या घरच्यांनी मात्र अस्वलाला सोडून प्रशासनालाच धरलं.

मोठे काका: म्हणजे तिथे 'त्याच्या घरात घुसलो' म्हणायची सोय नाही. घर आपणच वसवून दिलंय.

शरयू वहिनी: तेच तर. आणि खाली गावातल्या लोकांना विचारून वसवलं होतं का, हा आणखी वेगळा वाद.

सुधीर काका: रोमानियात तर लोक गाडीची काच खाली करून अस्वलांना बिस्किटं देतात. रील बनवायला.

निनाद: हो, ट्रान्सफागाराशन घाटात. बिस्किट देणारा गाडीत बसून निघून जातो. त्या अस्वलाला माणूस म्हणजे खाऊ हे समीकरण पाठ होतं आणि पुढे पायी येणारा कुणी भलताच सापडतो. २०२४ मध्ये रोमानियातल्याच बुचेज डोंगरात १९ वर्षांची मुलगी ट्रेकवर मारली गेली. काही दिवसांत संसदेनं वर्षाला ४८१ अस्वलं मारायला मंजुरी दिली.

ऋचा: ४८१ अस्वलं मारणं सोपं. खाऊ घालणाऱ्यांकडून जबर दंड वसूल करायला रोज कुणीतरी रस्त्यावर उभं राहावं लागतं.

निनाद: ऋचाताई, अगदी. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या ग्लेशियर पार्कात एकाच रात्री दोन वेगवेगळ्या ठिकाणी दोन तरुणी ग्रिझलींनी मारल्या. त्यातल्या एका ठिकाणी, डोंगरावरच्या लॉजमागे रोज खरकटं टाकलं जायचं आणि ते खायला येणारी अस्वलं बघायला पाहुणे गोळा व्हायचे. कित्येकांना ते माहीत होतं, कुणी थांबवलं नाही. त्या मुलींनी काय चूक केली? मला तर वाटतं, दोष शोधायचा तर गाठ पडली त्या क्षणात शोधूच नये. आधीच्या महिन्यांत कचरा कुणी टाकला, खायला कुणी घातलं, वाट कुठून काढली, धोक्याची पाटी का नव्हती, हे आधी विचारा.

मोठे काका: भाषण चांगलंय. पण व्हिडिओतल्या या बावळटाला तरी दोष द्यायचा की नाही?

निनाद: त्याला द्या की 😀

सुधीर काका: आणि सायकलवाल्यांना. २०१६ मध्ये त्याच ग्लेशियरजवळ एकजण जंगलातल्या वळणावर वेगात जाऊन थेट ग्रिझलीवर आदळला. त्यात गेला बिचारा. त्या अस्वलाच्या मागे नाही लागले, बरोबरच केलं.

शरयू वहिनी: तिथे मला अस्वलाची बाजू घ्यावीशी वाटते. अंगावर येऊन आदळलेल्या माणसाशी तो प्राणी काय सभ्यपणे वागणार?

*हा मेसेज डिलीट केला आहे*

आत्या: दादा, काय पाठवलंत आणि पुसलंत?

मोठे काका: काही नाही. गुड नाईटचं चित्र चुकून गेलं.

आत्या: मला एकच सांगा. समोर आलंच तर करायचं काय? पळायचं?

ऋचा: पळायचं मुळीच नाही. ते तासाला ५५ किलोमीटरच्या वेगानं धावतं. न ओरडता, हळूहळू मागे सरायचं. आणि चालताना सतत बोलत राहायचं, म्हणजे त्याला आधीच चाहूल लागते.

सुधीर काका: मग तुझ्याबरोबर आत्याला पाठवू 😄

आत्या: सुधीर!

निनाद: आणि स्प्रे. तिखटाचा फवारा. अलास्कातल्या घटनांचा एक अभ्यास २००८ मध्ये आला होता. स्प्रे जवळ असलेल्यांपैकी ९८ टक्के लोकांना अस्वलाशी गाठ पडूनही इजा झाली नाही. फक्त तो डासांच्या औषधासारखा स्वतःच्या अंगावर मारून घ्यायचा नाही. असे महाभागही असतात.

आत्या: मग इथूनच घेऊन जा ना.

ऋचा: विमानात चालत नाही आत्या. हातातल्या बॅगेत नाही आणि चेक-इनमध्येही नाही. तिथे उतरूनच घ्यावा लागेल.

आत्या: बरं. मग सॅकच्या तळाशी टाकू नकोस, कमरेला लाव. आणि दोघांत मिळून एक नको. दोन घ्या.