चुकीचं बेअरिंग प्रेस करून झालं, दुसऱ्यांदाची मजुरी कोणी द्यायची?

धुरा

डिसेंबर 2018 मध्ये बनलेली आणि मार्च 2019 ची नोंदणी असलेली हॅचबॅक, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेलं वरचं व्हेरियंट. पुढच्या डाव्या चाकातून घोंघावण्याचा आवाज येत होता, म्हणून बेअरिंग बदलायचं ठरलं. मालकाने पुण्यात नाना पेठेतल्या एका दुकानाला व्हॉट्सअ‍ॅपवर आरसीचा फोटो पाठवला. दुकानाने "याच गाडीचं आहे" असं लेखी कळवलं. मालकाने 1,150 रुपये थेट दुकानाला दिले आणि पक्कं बिल घेतलं. गॅरेजने नकल (चाकाचं बेअरिंग ज्यात बसतं तो धातूचा भाग) उतरवून बेअरिंग प्रेसवर दाबून बसवलं, मजुरी 1,200. गाडी रस्त्यावर आली आणि एबीएसचा दिवा लागला, तो विझेना. बेअरिंग बिगर-एबीएस गाडीचं होतं.

दुकानदार म्हणतो, बसवलेला माल परत घेणार नाही, बिलावर तसं छापलं आहे. मेकॅनिक म्हणतो, पुन्हा उतरवायचं तर पुन्हा मजुरी पडेल.

माझं मत स्पष्ट आहे. गाडी ओळखायची जबाबदारी दुकानाने घेतली होती, तेव्हा बेअरिंगचे पैसे, दुसऱ्यांदाची मजुरी आणि चाकांच्या अलाइनमेंटचा खर्च दुकानाने द्यावा. पहिली मजुरी मागू नये, ती तशीही लागणारच होती. मालकाने दोनदा पैसे मोजावेत हे मला मुळीच पटत नाही.

काउंटरमागून

पूर्ण असहमत. आरसीवर गाडीला एबीएस आहे की नाही हे लिहिलेलं नसतं. चासी नंबरवरून व्हेरियंट काढायला कंपनीचा कॅटलॉग लागतो, तो अधिकृत डीलरकडे असतो. आम्हा पार्ट विकणाऱ्या दुकानदारांकडे बेअरिंग बनवणाऱ्यांचे कॅटलॉग असतात. त्यात मॉडेल आणि वर्षाप्रमाणे ओळ असते आणि खाली बारीक अक्षरात एबीएससह किंवा एबीएसविना अशी टीप असते.

त्यात 2018-19 हा काळ सर्वांत वाईट. एप्रिल 2019 पासून नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. त्याच्या आधी एकाच महिन्यात, एकाच कारखान्यातून, एकाच मॉडेलच्या दोन्ही प्रकारच्या गाड्या बाहेर पडत होत्या. आतला व्यास, बाहेरचा व्यास, रुंदी, तिन्ही मापं तीच. गिऱ्हाइकाने "एबीएसचं द्या" असं म्हटलं होतं का, ते धाग्यात कुठेच दिसत नाही.

शिवाय प्रेस केलेलं बेअरिंग भंगार असतं. वितरक ते आमच्याकडून घेत नाही. अकराशे रुपयांच्या मालावर जी काही शेदीडशेची सूट-मार्जिन असते, त्यात मजुरी आणि अलाइनमेंटचा विमा कोणी उतरवू शकत नाही. जुनं बेअरिंग मेकॅनिकच्या हातात होतं. नवं त्याच्या शेजारी ठेवून बघायला कितीसा वेळ लागतो?

प्रेस आणि पुलर

दोघेही एक पायरी वगळत आहात. दिवा लागला म्हणजे बेअरिंग चुकीचंच, असं नाही. कारणं तीन असू शकतात आणि प्रत्येकात दोषी वेगळा.

या प्रकारच्या एबीएस बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकीय पट्ट्यांची कडी असते, उत्तर-दक्षिण-उत्तर-दक्षिण अशी. नकलमधला सेन्सर त्या पट्ट्या मोजून चाकाचा वेग सांगतो. ती बाजू आत, सेन्सरकडे यायला हवी. आता बघा:

एक, बेअरिंगला कडीच नाही. ही पुरवठ्याची चूक.
दोन, कडी आहे पण मेकॅनिकने बेअरिंग उलटं दाबलं. ही शंभर टक्के गॅरेजची चूक. दिवा मात्र अगदी तसाच लागतो.
तीन, सेन्सर काढताना तुटला. पावसाळ्यातून गेलेल्या गाड्यांत सेन्सर नकलमध्ये गंजून धरतो, फिरवताना त्याचं प्लास्टिक मोडतं किंवा वायर आतून सुटते. हीसुद्धा गॅरेजची.

स्कॅनर लावला की C0035, म्हणजे पुढच्या डाव्या चाकाच्या वेगाचा कोड, बहुधा तिन्ही वेळेला दिसतो. नुसत्या कोडवर भांडू नका. सेन्सरचा प्लग काढून त्याला सुमारे 12 व्होल्ट पुरवठा येतो का बघा. मग स्कॅनरवर चारही चाकांचे वेग लावून गाडी 20 च्या वेगाने चालवा. तीन चाकं 20 दाखवतात आणि एक शून्यावर, हे दिसलं की शेजारच्या चाकाचा सेन्सर तिथे लावून बघा, वायर पोचत असेल तर. तरीही शून्य राहिलं, तर दोष सेन्सरमध्ये नाही.

मग अ‍ॅक्सल काढून आतल्या बाजूच्या सीलवर चुंबकीय पट्ट्या दाखवणारं हिरवं कार्ड धरा. पट्ट्या दिसल्या नाहीत तर बेअरिंग एकतर उलटं आहे किंवा चुकीचं. या दोघांतला फरक फक्त बेअरिंगच्या कडेवर कोरलेला नंबर आणि खोका सांगतो. म्हणून खोका फेकायचा नाही. खोका नसेल तर दुकानदार "मी दिलंच नव्हतं" म्हणायला मोकळा आणि मेकॅनिक "उलटं नव्हतं" म्हणायला मोकळा.

कार्ड नसेल तर लोखंडाचा अगदी बारीक कीस कागदावर घेऊन सीलजवळ धरा, तो रेघांमध्ये उभा राहतो. नंतर कागदासकट कीस बाजूला करा, सीलला चिकटू देऊ नका. आणि मोठं लोहचुंबक तिथे कधीही नेऊ नका. काही गॅरेजात चुंबकाच्या ट्रेमध्ये नट-बोल्टसोबत नवं बेअरिंग ठेवतात, त्याने ती कडी कायमची खराब होते आणि चांगला माल वाया जातो.

धुरा

खोका आहे. त्यावरचा आणि बिलावरचा नंबर एकच आहे, आणि बनवणाऱ्याच्या कॅटलॉगमध्ये तो नंबर एबीएसविना गाडीसमोर आहे. म्हणजे तुमचं पहिलं कारण.

वकीलपत्र

मग कायद्याचं बोलू. 1930 च्या माल विक्री कायद्याचं कलम 15 म्हणतं, वर्णनाने विकलेला माल वर्णनाशी जुळला पाहिजे. कलम 16(1) म्हणतं, घेणाऱ्याने कशासाठी हवं ते सांगितलं आणि विकणाऱ्याच्या जाणकारीवर विसंबला, तर माल त्या कामाला योग्य असल्याची अट न लिहिताही लागू होते. आरसी पाठवणं आणि "याच गाडीचं आहे" हे उत्तर मिळणं, दोन्ही कलमांत बसतं.

पण कलम 16(1) ला परंतुक, म्हणजे अपवाद, आहे, आणि गिऱ्हाइकं नेमकी तिथे अडकतात. वस्तू तिच्या पेटंट किंवा व्यापारी नावाने मागितली, तर योग्यतेची ही अट लागत नाही. तुम्ही स्वतः नेटवरून शोधून "अमुक कंपनीचं तमुक नंबरचं बेअरिंग द्या" म्हणालात, तर गाडीला जुळवण्याची जबाबदारी तुमची होते. इथे तसं झालेलं नाही.

बसवलेला माल परत न घेण्याबद्दल: बेअरिंग प्रेस केलं म्हणजे कलम 42 प्रमाणे माल स्वीकारला, हे दुकानदार म्हणू शकतो, आणि तो मुद्दा पोकळ नाही. मात्र स्वीकारल्याने हक्क संपत नाही. कलम 13(2) प्रमाणे माल नाकारता येत नाही इतकंच, नुकसानभरपाई कलम 59 खाली मागता येते. बिलावरचं "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" हे वाक्य ती भरपाई अडवू शकेल, असं मला वाटत नाही.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये दोषाच्या व्याख्येत, म्हणजे कलम 2(10) मध्ये, व्यापाऱ्याने जो दर्जा सांगितला त्यात कमी पडणंही येतं. सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि बिलावर मुदत नसेल तर 30 दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही कलम 2(47) खाली अनुचित व्यापारी प्रथा आहे.

काउंटरमागून

बेअरिंग सदोष नाही, हेच तर म्हणतोय. योग्य गाडीला लावलं असतं तर वर्षानुवर्षं चाललं असतं. आणि नुकसानभरपाईचं कलम सांगता, तर 1872 च्या करार कायद्याचं कलम 73 पण पूर्ण सांगा. त्याच्या स्पष्टीकरणात लिहिलंय की नुकसान टाळण्याची जी साधनं हाताशी होती तीही विचारात घ्यायची. ते साधन गॅरेजमध्ये होतं. मेकॅनिकने दोन्ही बेअरिंगं शेजारी ठेवली असती, तर न वापरलेला माल दुकानाने त्याच दिवशी बदलून दिला असता, रिक्षाचं भाडंसुद्धा दिलं असतं. दुकानाची चूक होती अकराशेची. ती अडीच-तीन हजारांची प्रेसवर झाली.

उद्यमनगर

मेकॅनिकवर ढकलणं सोपं आहे. माल गिऱ्हाइकाने स्वतः आणला, आम्हाला फक्त मजुरी मिळते. आम्ही पार्ट आणला असता तर आमच्या मार्जिनमधून आम्ही दुसऱ्यांदा फुकट बसवलं असतं, आणि ते न्याय्यही झालं असतं. गिऱ्हाइकाला मार्जिन वाचवायचं असेल, तर पार्ट जुळवण्याची जोखीमही त्याच्याकडे किंवा त्याच्या दुकानाकडे जाते.

आणि काम काय आहे ते बघा. हबचा नट, कॅलिपर, डिस्क, सेन्सर, टायरॉड, खालच्या आर्मचा बॉल जॉइंट, स्ट्रटचे दोन बोल्ट, मग नकल बाहेर. प्रेसवर हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) बाहेर ढकलला की बेअरिंगची बाहेरच्या बाजूची आतली रेस, म्हणजे आतलं कडं, हबला चिकटून येते, ती वेगळी ओढायची. बेअरिंग जागी अडकवणारी सर्क्लिप गंजलेली, तिच्याशी झुंज. तोवर जुनं बेअरिंग ग्रीसने आणि काळ्या चिखलाने माखलेले दोन-तीन तुकडे असतात. "शेजारी ठेवून बघा" हे काउंटरवर बसून म्हणणं वेगळं. हाच सगळा उपद्व्याप दुसऱ्यांदा करायचा, नवा नट वापरायचा, कारण ठोकून लॉक केलेला नट पुन्हा वापरत नाहीत, आणि स्ट्रटचे बोल्ट हलले म्हणून अलाइनमेंट. हे फुकट का?

प्रेस आणि पुलर

उद्यमनगर, मजुरीबद्दल तुमचं बरोबर, तपासणीबद्दल नाही. कडी आतल्या बाजूला असते, आणि ती बाजू नकलमध्येच राहते, हबसोबत जात नाही. चिंधीने पुसलं की दिसते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तपासायला बेअरिंग काढावंच लागत नाही. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, टॉर्च घेऊन चाकामागे बघा. नकलमध्ये वायरवाला सेन्सर आहे का? असेल तर अ‍ॅक्सलच्या बाहेरच्या जॉइंटवर दात्यांची कडी आहे का? दाते असतील, तर सेन्सर ते मोजतो आणि साधं बेअरिंगच बरोबर. सेन्सर आहे पण दाते नाहीत, तर चुंबकीय कडीचंच बेअरिंग लागणार. हे मालकसुद्धा घराखाली पार्किंगमध्ये बघू शकतो, आणि काउंटरवरच्या माणसाने फोनवर हा एकच प्रश्न विचारला पाहिजे होता.

नवं बेअरिंगही सांगतं. दोन्ही बाजूंची सीलं सारखी दिसली, तर बहुतेक कडी नाही. एका बाजूचं सील सपाट, काळपट-तपकिरी आणि वेगळं दिसलं, तर ती कडीची बाजू. मजुरी घेणारा कारागीर बेअरिंग कोणत्या बाजूने दाबायचं हे ठरवताना ती बाजू शोधतोच. त्याला ती सापडली नाही आणि तरी त्याने दाबलं, तर ती त्याची जबाबदारी आहे, माल कोणीही आणलेला असो.

धुरा

हा मुद्दा मला मान्य करावा लागतो. सेन्सर समोर दिसत असताना दिशा न शोधता दाबलं, हे कामातलं न्यून आहे. तरी काउंटरमागून यांचं "दुकानाची चूक अकराशेची" हे मान्य नाही. दुकानाने लेखी खात्री दिली नसती, तर मालकाने डीलरकडून महाग पण चासी नंबरावर जुळवलेलं बेअरिंग घेतलं असतं.

वकीलपत्र

दोघांविरुद्ध एकच तक्रार करता येते, विक्रेता आणि सेवा देणारा. जिल्हा ग्राहक आयोगात, मालक राहतो त्या जिल्ह्यातही, दोन वर्षांच्या आत. दिलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, एवढ्या रकमेचे वाद तिथेच मिटण्याची शक्यता चांगली असते. सोबत बिल, व्हॉट्सअ‍ॅपचं उत्तर, खोक्याचे सर्व बाजूंचे फोटो, स्कॅनरचा अहवाल आणि गॅरेजचं मजुरीचं बिल ठेवा.

एक गोष्ट सर्वांनी लक्षात घ्या. गॅरेजने स्वतःच्या नावावर माल घेऊन गिऱ्हाइकाला विकला असता, तर दुकानाचा खरेदीदार गॅरेज ठरलं असतं, आणि पुनर्विक्रीसाठी घेणारा या कायद्याखाली ग्राहक नसतो. तेव्हा मालकाची तक्रार मुख्यतः गॅरेजवर गेली असती. इथे मालकाने थेट पैसे दिले हे त्याच्या पथ्यावर पडलं आहे.

उद्यमनगर

तक्रार निकाली लागेपर्यंत गाडी अशीच फिरवायची का? एबीएसचा दिवा लागलेला असताना साधे ब्रेक लागतात, पण ओल्या रस्त्यावर जोरात दाबले की चाकं जाम होऊ शकतात, आणि बऱ्याच गाड्यांत पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटणारी यंत्रणाही बंद पडते. कोणी दिव्याची वायर काढून देतो म्हणाला, तर त्याच्या गॅरेजमधून गाडी तशीच बाहेर काढा.

माझ्या बाजूने सांगतो: कडी न शोधता दाबलं असेल, तर दुसऱ्यांदाची मजुरी गॅरेजने अर्धी सोडावी. त्याहून जास्त नाही.

काउंटरमागून

बेअरिंगचे 1,150 परत, किंवा फरक घेऊन योग्य बेअरिंग, एवढं दुकानाने द्यायला हरकत नसावी, कारण उत्तर लेखी होतं. उरलेली अर्धी मजुरीही एक वेळ समजू शकतो. अलाइनमेंट मात्र नाही. बेअरिंग दोनदा बदलायचं होतं, अलाइनमेंट एकदाच शेवटी करायची असते. दिवा लागलेला असताना आधीच करून घेतली असेल, तर ते पैसे दुकानाकडे मागू नका.

धुरा

केलेली नाही. दुसऱ्यांदा बेअरिंग बसल्यावरच करायची आहे. त्यामुळे तो खर्च मी मागणीतून काढतो. नव्या नटाचे पैसे मात्र मागणीत राहतील.