डोक्यावरील सिलिंड्रोमा काढल्यानंतर उघडी पडणारी जागा कशी झाकावी? सल्ला हवा आहे

पानगळ :
आईच्या डोक्यावर अनेक वर्षांपासून गुळगुळीत, गुलाबी, बिनकेसांच्या गाठी आहेत आणि त्यांतली मागच्या बाजूची सर्वांत मोठी गाठ आता उशीला घासून रक्ताळते. बायॉप्सीत सिलिंड्रोमा असे निदान झाले असून गाठ कर्करोगाची नाही. ती काढल्यावर तळहाताएवढी जागा उघडी पडेल, असे सर्जन सांगतात. तिथे त्वचारोपण करावे, फ्लॅप (शेजारची त्वचा सरकवून) फिरवावा की एक्स्पांडर (त्वचा ताणून वाढवणारा फुगा) बसवावा? मला पंधरवड्याहून अधिक रजा मिळणार नाही आणि खर्च एकाच शस्त्रक्रियेपुरता झेपेल, हे कृपया लक्षात घ्यावे.

रानवारा :
एक्स्पांडरशिवाय दुसरा विचारच करू नये. माझ्या डोक्यावरचा जन्मजात सेबेशियस नीव्हस (तेलग्रंथींचा चट्टा) काढण्याआधी शेजारच्या केसाळ त्वचेखाली फुगा बसवला, त्यात थोडे थोडे सलाइन भरून त्वचा वाढवली आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेत ती सरकवून घेतली. आज न्हाव्यालाही खूण सापडत नाही. मधले काही महिने टोपी घालून वावरावे लागले, एवढेच.

जुनेखोड :
'एवढेच' म्हणणे सोपे आहे. माझ्या मेहुण्याच्या फुग्याला जंतुसंसर्ग झाला आणि तो अर्ध्यावर काढावा लागला. शिवाय एकाच शस्त्रक्रियेचा खर्च झेपेल, हे वाक्य आपण वाचलेले दिसत नाही. फ्लॅप उत्तम, कारण त्यात केसाळ त्वचा तिच्या रक्तपुरवठ्यासह सरकते. मात्र त्वचेखालचा गॅलिया नावाचा चिवट पडदा फारसा ताणत नसल्यामुळे चीर अपेक्षेपेक्षा बरीच लांब घ्यावी लागते, याची तयारी ठेवावी.

रानवारा :
वाचले होते. कायमचे टक्कल पत्करण्यापेक्षा रजा वाढवून घेतलेली बरी, असे माझे मत आहे.

मधुमालती :
एवढी चिरफाड कशाला? माझ्या गाठी कार्बन डायऑक्साइड लेझरने काढल्या आणि मी त्याच दिवशी घरी आले. दोन-तीन पुन्हा डोकावू लागल्या आहेत, पण त्याही जाळून घेईन.

दुर्बीण :
मी पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत काम करते. लेझर लहान गाठींना ठीक आहे. रक्ताळणारी मोठी गाठ मात्र अखंड काढून तपासणीला पाठवावी, कारण क्वचित का होईना, सिलिंड्रोमात कर्करोग उद्भवू शकतो. त्वचारोपण रुजण्यासाठी कवटीवरचे पातळ आवरण शाबूत लागते. उघड्या हाडावर कलम धरत नाही. ते आवरण राहील का, हे सर्जनना आधीच विचारावे. दुसरे असे की, गाठी अनेक असतील तर फ्लॅपसाठी किंवा फुग्यासाठी शेजारची निरोगी त्वचा उरली आहे का, हेही पाहावे लागेल. अनेक गाठींमागे बहुधा १६व्या गुणसूत्रावरील सीवायएलडी जनुकातील दोष असतो आणि तो अपत्यात उतरण्याची शक्यता ५० टक्के असते, म्हणून आपणही एकदा तपासून घ्यावे.

जुनेखोड :
मीही तेच म्हणत होतो, फ्लॅपच करावा.

दुर्बीण :
मी तसे म्हटलेले नाही.

पानगळ :
सर्वांचे आभार. सर्जनना विचारले असता, गाठ गॅलियाच्या वर असल्याने कवटीचे आवरण राहील, असे ते म्हणाले. आजूबाजूला लहान गाठी विखुरलेल्या असल्यामुळे फ्लॅप आणि एक्स्पांडर दोन्ही बाद केले असून मांडीवरची पातळ त्वचा घेऊन एकाच शस्त्रक्रियेत रोपण करायचे ठरवले आहे. तिथे केस उगवणार नाहीत, हे आईला स्पष्ट सांगितले. त्यावर ती म्हणाली, "मला केसांचं काय करायचंय? उताणं झोपता आलं म्हणजे झालं." लहान गाठी तूर्त तशाच राहतील, आणि माझी जनुकीय तपासणी तिचे टाके निघाल्यावर करीन. डोक्यापेक्षा मांडीची जखम अधिक ठणकते, असे ऐकते. तिथल्या ड्रेसिंगचा कुणाला अनुभव असल्यास लिहावे.

मधुमालती :
मांडीचा अनुभव नाही, पण लेझरमध्ये ड्रेसिंगची फारशी कटकट नसते.

रानवारा :
तारीख नक्की झाली नसेल तर एक्स्पांडरबद्दल आणखी एका सर्जनचे मत घ्यावे.