मदत हवी आहे: जुन्या प्लेस्टेशन ४ (पीएस४) कन्सोलसाठी एनबीए २के२३ या बास्केटबॉल गेमची डिस्क घ्यावी का?

नमस्कार मंडळी. फोंड्याला घरी ५०० जीबीचा पीएस४ स्लिम आहे आणि एनबीए २के२३ची वापरलेली डिस्क स्वस्तात मिळतेय. पीएस५चं बजेट नाही, त्यामुळे तो सल्ला कृपया नको.

मित्राच्या पीएस४वर गेम खेळून पाहिला. उजव्या स्टिकवरचं ड्रिबलिंग सुरेख आहे. बास्केटकडे पाठ करून बचावपटूला रेटत आत शिरताना अंगाचं वजन अक्षरशः जाणवतं. जॉर्डन चॅलेंजमध्ये, म्हणजे मायकेल जॉर्डनच्या गाजलेल्या मॅच पुन्हा खेळायच्या मोडमध्ये, तर माझा जीवच अडकलाय. पण मॅच सुरू व्हायला फार वेळ लागतो. शिवाय वेगवेगळ्या कालखंडांतून खेळायचा मायएनबीए मोड फक्त पीएस५वर, इथे जुना मायलीग, म्हणजे एखादा संघ घेऊन सीझन खेळायचा मोड. मला तोही चालेल.

खरी अडचण सर्व्हरची. २के२३चे सर्व्हर २०२४च्या अखेरीस बंद झाले, म्हणजे खेळाडूंची कार्डं जमवून संघ बांधायचा ऑनलाइन मोड मायटीम गेलंच. त्याचं दुःख नाही. पावसाळ्यात इथे नेटचा भरवसा नसतोच. भाच्याबरोबर एकाच टीव्हीवर दोन कंट्रोलर घेऊन खेळायचंय.

कन्सोलचा पंखा साफ केलाय, थर्मल पेस्ट बदललीय, जागाही मोकळी केलीय. आवाज कमी झाला, बाकीच्या गेमचं लोडिंग मात्र तसंच.

आता डिस्कवरून नव्याने इन्स्टॉल केल्यावर जॉर्डन चॅलेंज आणि मायलीग नेटशिवाय पूर्ण चालतात का, सेव्ह टिकतो का? आणि आतली हार्डडिस्क काढून तिच्याजागी २.५ इंची साटा एसएसडी (जास्त वेगवान स्टोरेज) बसवली, तर या गेमच्या लोडिंगमध्ये खरंच फरक पडतो का? कोणी स्वतः करून पाहिलंय?