बहिणींची सही आणि माझा निर्णय

शिवारकर:
वडील गेल्यावर आमच्या साडेचार एकरांवर आई, मी आणि दोन्ही बहिणी अशी वारसनोंद झाली. चुलत्यांचे म्हणणे असे, की बहिणी दिवाळीला येतीलच, तेव्हा दुय्यम निबंधक कार्यालयात नेऊन हक्कसोडपत्र करून घ्यावे. फोनवर दोघीही "दादा, तू म्हणशील तिथे सही करू" एवढेच बोलल्या. हे ऐकून मी सुखावलो आणि मग त्या सुखावण्याचीच लाज वाटली. घरच्यांच्या बाबतीत आपला निर्णय तत्त्वातून आला की सोयीतून, हे तुम्ही कसे ओळखता?

जुना वकील:
9 सप्टेंबर 2005 पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे आणि त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. हक्कसोडपत्र कायदेशीरच असते. पण मी अशी कित्येक पत्रे पाहिली, ज्यांत बहिणीला आपला हिस्सा किती हे टेबलापाशीच प्रथम कळले. तुमच्या 180 गुंठ्यांत प्रत्येकीचे 45 गुंठे होतात. हा आकडा सहीपूर्वी तिच्यासमोर उच्चारताना तुमची जीभ अडखळली, तर उत्तर तुम्हाला तिथेच मिळेल.

सासुरवाशीण:
मी बारा वर्षांपूर्वी सही केली आणि माझ्यावर कोणीही जबरदस्ती केली नव्हती. परतताना वहिनीने फॉल-पिको केलेली हिरवी साडी ओटीत घातली, म्हणजे ती आधीच आणून ठेवलेली होती. मी ती अजून नेसलेले नाही. जमिनीचा मोह मला नव्हता, पण नकार दिला असता तर भाऊबीजेला ओवाळायला कोणत्या तोंडाने गेले असते? म्हणून दिवाळीत, माहेरच्या ओट्यावर हा विषय काढू नका. तिच्या घरी जा, जिथे "नाही" म्हणून ती स्वयंपाकघरात उठून जाऊ शकते.

बांधावरून:
दुसरी बाजूही मांडतो. आईवडिलांची आजारपणे, सोसायटीचे कर्ज, विहिरीचा गाळ, हे सारे ज्याने निस्तरले त्याच्या कष्टाचे मोल धरू नये, हा न्याय मला पटत नाही. मात्र तो हिशेब उघडपणे मांडावा. "लग्नात दिले की" या वाक्याआड लपवू नये, कारण लग्न आपलेही झाले होते आणि त्याचा खर्च कोणी वहीत धरत नाही.

शिवारकर:
सर्वांचे आभार. दिवाळीनंतर सातबारा घेऊन दोघींच्या घरी स्वतंत्रपणे जाईन आणि वडिलांच्या औषधपाण्याची वहीही सोबत नेईन. थोरली हिस्सा मागेल असे वाटते आणि त्याला माझी तयारी आहे. धाकटीने तो परक्याला विकायचा म्हटले तर मी काय करेन, हे मात्र अजून माझ्याच्याने ठरलेले नाही.